चव्हाट्यावर गेलेला परवलीचा शब्द

जुना राउटर आहे मी, मित्रांनो. राखाडी रंग, शाळेच्या वहीएवढा आकार, पुढच्या अंगाला पाच हिरवे दिवे. त्यांतला एक दिवा कधीच लागला नाही आणि त्याबद्दल मला कुणी विचारलंही नाही. राउटर तुमच्याही घरी असेल, पण माझं काम त्याच्याहून थोडं वेगळं होतं. मी बोगदे बांधत असे. जाणकार त्याला व्हीपीएन म्हणतात.

समजा, भर बाजारातून तुम्हाला एक पत्र पाठवायचं आहे आणि वाटेत ते कुणी वाचायला नको आहे. ते पत्र मी घेतो, माझ्या किल्लीने त्याची अक्षरं अशी उलटीपालटी करतो की कुणाला ओ की ठो कळू नये, मग वर दुसरं पाकीट चढवतो आणि वाटेला लावतो. पलीकडे माझ्यासारखाच एकजण जोडकिल्ली घेऊन बसलेला असतो. तो पाकीट फोडून पत्र पुन्हा सरळ करतो. मधल्या लोकांना पाकीट कुठून निघालं आणि कुठे चाललं एवढंच दिसतं. रस्ता सगळ्यांचा, पण त्यातली ही बंद वाट आमच्या दोघांपुरती. बोगदा म्हणजे तेवढंच. यात जादू काही नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खाऱ्या मांसाच्या डब्यांच्या खोक्यांबरोबर मी जहाजातून नुकुअलोफाला उतरलो. टोंगाची ती राजधानी. मोआना आरोग्य मंडळ तिथून बेटाबेटांवरचे छोटे दवाखाने चालवत असे. मंडळाच्या कचेरीत सोआकिमीने माझं खोकं फोडलं. सोआकिमी मंडळाचा एकुलता एक जोडणी-अभियंता. अंगाने दांडगा, बोलायला हळू, आणि रविवारी चर्चच्या गायनात सगळ्यात खालचा सूर त्याचा. त्याने मला फुंकर मारून पुसलं आणि म्हणाला, "चला, तुम्हाला मोटुलोआला पाठवतो. हवा चांगली आहे, बायकोचं माहेर आहे."

त्याच दिवशी त्याने मला परवलीचा शब्द दिला. माझ्या आत शिरायचं तर तो शब्द टाकावा लागतो. पण मी तो जसाच्या तसा साठवत नाही. कुटून त्याचा चुरा ठेवतो, आणि पुढे कुणी शब्द टाकला की तोही कुटून चुऱ्याशी चुरा ताडून बघतो. त्यामुळे तो शब्द कशाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. आठ अक्षरं आणि चार आकडे, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

आम्ही एकूण चौदा भावंडं, चौदा बेटांवर. प्रत्येकाचा बोगदा आकाशातल्या उपग्रहापर्यंत वर जाई आणि नुकुअलोफातल्या एका मोठ्या पेटीत खाली उतरे. मोटुलोआच्या किनाऱ्यावरून शेजारच्या बेटावरच्या चुली धुमसताना दिसत, पण तिथल्या दवाखान्याला एक ओळ पाठवायची तरी ती राजधानीला जाऊन यायची. सोआकिमीला हीच रचना हवी होती. एकच दार, एकच राखणदार.

त्याला कारण होतं. मी यायच्या आधी कागद उघडेच जात. एका बेटावरच्या शिक्षिकेचा तपासणीचा अहवाल तिच्या हाती पडायच्या आधी दुकानात पोचला. लहान बेट, पुढचं सांगायला नको. ती शिक्षिका पुढच्या बोटीने गेली ती परत आली नाही. तेव्हापासून सोआकिमीने ठरवलं की दवाखान्यातून जे काही बाहेर पडेल ते बोगद्यातूनच पडेल, दुसरी वाट ठेवायचीच नाही. सगळं म्हणजे सगळं. पत्रं, चित्रं, बोलणं, आणि माझं घड्याळ लावणंसुद्धा. बरोबर किती वाजले हे मी बोगद्यातून राजधानीच्या पेटीला विचारत असे. मंडळाने या रचनेसाठी सोआकिमीचा सत्कार केला. त्याच्या गळ्यात फुलांच्या इतक्या माळा पडल्या की फोटोत त्याची हनुवटी दिसत नाही.

मोटुलोआचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. अकोसिता तिथली नर्स. तिच्या टेबलावरच्या फळीवर माझी जागा, माझ्या शेजारी लांब पल्ल्याचा जुना रेडिओ. मी आल्यावर रेडिओची किंमत गेली. कारण रेडिओवर बोललेलं सगळ्या बेटांवर आणि नांगरलेल्या प्रत्येक बोटीवर ऐकू येतं. "त्या चोंबड्याला काही सांगायची सोय नाही," अकोसिता म्हणायची. ती माझं कौतुक करी. रोज फडक्याने पुसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हा बघा. हा कुणाला काही सांगत नाही."

तीन वर्षं गेली. मग सोआकिमीची बायको त्याला सोडून ऑकलंडला निघून गेली. का गेली ते मला माहीत नाही. दवाखान्यात बायका कुजबुजत, पण अकोसिता आत आली की गप्प होत. सोआकिमीचं काम मात्र चोख चालू राहिलं. रोज सकाळी तो दुरून माझ्यात यायचा, दिवे बघायचा आणि जायचा. परवलीचा शब्द दरवर्षी बदला म्हणून तो चौदाही बेटांच्या लोकांना पत्रं पाठवी. स्वतःचा मात्र त्याने बदलला नाही. आठ अक्षरं, चार आकडे, तेच.

आणखी सहा वर्षं गेली. मला पुसणं कमी झालं. काम करणाऱ्याकडे कोण बघतं? माझ्या पोटात बटणाएवढी एक बॅटरी असते. वीज गेली तर तेवढ्या वेळात घड्याळ चालू ठेवणं एवढंच तिचं काम. ती कधी संपली हे मलाही कळलं नाही. वीज होती तोवर कळायचं कारणच नव्हतं.

आता त्या रविवारचं सांगतो. टोंगात रविवारी काहीच चालत नाही. बोट नाही, विमान नाही, दुकान नाही. पहाटे जमिनीत उमु पेटवायचा, पानांत बांधलेलं जेवण त्यात पुरायचं, आणि चर्चला जायचं. गावाचं जनित्र आठवडाभर बिघडलेलं होतं, त्यामुळे फोनचा मनोराही मुका. वीज फक्त दवाखान्यात, छपरावरच्या सूर्यपट्ट्यांची. सकाळी साडेसातला अकोसिताने चर्चच्या पांढऱ्या पोशाखाला इस्त्री करायला घेतली. इस्त्रीचा भार सूर्यपट्ट्यांना झेपला नाही आणि दवाखान्यातलं सगळं बंद पडलं. तिने इस्त्री काढून खटका पुन्हा वर केला. चार मिनिटांत सगळं पूर्ववत झालं.

मी मात्र पूर्ववत झालो नाही. जागा झालो तेव्हा माझ्या घड्याळात १ मार्च १९९३ होता. वेळ माहीत नसली की आमची जात तिथूनच मोजायला लागते. तेवढ्यात राजधानीच्या पेटीने बोगद्यासाठी हाक मारली आणि तिचं ओळखपत्र दाखवलं. ओळखपत्रावर तारखा असतात, अमुकपासून तमुकपर्यंत ग्राह्य. मी बघितलं, तर हे ओळखपत्र सुरू व्हायला अजून कित्येक वर्षं होती. म्हणजे खोटं. मी दार लावून घेतलं. ती पुन्हा आली, मी पुन्हा लावलं. वेळ कळायला बोगदा हवा होता आणि बोगदा उघडायला वेळ कळायला हवी होती. नऊ वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे वागत होतो आणि मला काही वाटत नव्हतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फेआओला ढकलगाडीतून आणलं. फेआओ मासेमारी करणारा, साठीचा, गावभर थट्टा करत फिरणारा माणूस. उमुवर दगड रचताना त्याच्या छातीत कळ आली होती. सोबत त्याची बायको पिसिला. अकोसिताने त्याच्या छातीला तारा लावल्या आणि यंत्रातून रेघेचा कागद बाहेर आला.

"सिस्टर," फेआओ घामाघूम होऊन म्हणाला, "उमुवर माती घालायची राहिली. जेवण कच्चं राहिलं तर ही मला मारून टाकेल."

"बोलू नका हो," अकोसिता म्हणाली.

फ्रिजमध्ये एक इंजेक्शन होतं. हृदयातली गाठ विरघळवणारं. पण ते चुकीच्या माणसाला दिलं तर रक्तस्राव होऊन माणूस जातो, म्हणून राजधानीच्या डॉक्टरने रेघ बघितल्याशिवाय आणि लेखी सांगितल्याशिवाय ते द्यायचं नाही असा नियम. शिवाय फेआओला मागच्या वर्षी रक्ताची उलटी झाली होती. अकोसिताने कॅमेऱ्याने रेघेचं चित्र टिपलं आणि पाठवायचं बटण दाबलं. ते माझ्याकडे आलं आणि माझ्यापाशीच थांबलं. तिने पाच वेळा दाबलं. मग ती माझ्या दिव्यांकडे बघत राहिली.

शेवटी तिने रेडिओचा माइक हातात घेतला. कितीतरी वर्षांनी तो खरखरला.

"मोटुलोआ बोलतेय. राजधानी, ऐकताय का?"

राजधानीच्या आधी कुठल्यातरी बोटीवरून आवाज आला, "अगं बाई, सिस्टर! आज रविवारी कुणाच्या लग्नाचं आमंत्रण?"

"गप्प बसा. माणूस आहे माझ्यासमोर. छातीत दुखतंय."

बोटी गप्प झाल्या. राजधानीचा रेडिओवाला आला, मग पाच-दहा मिनिटांनी डॉक्टरबाई आल्या. अकोसिताने रेघ शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. इथे चढलीय, तिथे थोडी बसलीय.

"तुझी खात्री आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग माझीही नाही. त्याच्या पोटाचा इतिहास बघता मी न बघता हो म्हणणार नाही. आधी ती जोडणी सुरू करा. सोआकिमी कुठाय?"

सोआकिमी चर्चमध्ये गात होता. त्याला चालू गाण्यातून बोलावून आणलं. रेडिओवर तो धापा टाकत आला तेव्हा दहा वाजून गेले होते. त्याने अकोसिताला माझी तार काढून पुन्हा लावायला सांगितली. मी सहा मिनिटांनी जागा झालो, पुन्हा १९९३मध्ये. त्याने पुन्हा तसंच करायला लावलं. आणखी सहा मिनिटं. मग त्याने खणातली निळी तार माझ्यात आणि संगणकात जोडायला सांगितली.

"पडद्यावर काय दिसतंय, सिस्टर?"

"ओळी पळताहेत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख."

"कुठली तारीख?"

"एक मार्च. एकोणीसशे त्र्याण्णव."

रेडिओवर थोडी खरखर झाली. "कळलं," सोआकिमी म्हणाला. "माझीच चूक आहे. घड्याळ बोगद्याच्या पलीकडे ठेवलं मी. आता तुम्हाला आत शिरून हाताने वेळ लावावी लागेल. सोपं आहे. फक्त परवलीचा शब्द लागेल."

"सांगा."

तो काही बोलला नाही.

"सोआकिमी? ऐकू येतंय का? शब्द सांगा."

रेडिओ चालू होता. खरखर येत होती, म्हणजे त्याने बटण दाबून धरलेलं होतं. अकोसिता वाट बघत होती. पिसिला नवऱ्याचे तळवे चोळत होती. फेआओ आता थट्टा करत नव्हता. मी माझ्या पद्धतीने मोजलं. दोन मिनिटं गेली. मला ती लांब वाटली नाहीत, आखूडही वाटली नाहीत.

मग त्याचा आवाज आला. गाण्यातला खालचा सूर तो हाच.

"लिहून घ्या. एल. ओ. एस. ए."

चौथ्या अक्षराला पिसिलाचे हात थांबले. फेआओने डोळे उघडले.

"आमची पोर," तो पुटपुटला. "आमची लोसालीन."

ती त्याच्या बहिणीची मुलगी. सोआकिमीची बायको.

"एल. आय," सोआकिमी म्हणाला. पुढची दोन अक्षरं खरखरीत बुडाली. अकोसिताने पुन्हा विचारलं, पुन्हा बुडाली. तेव्हा मघाचा तो बोटीवरचा आवाज मध्ये आला. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

"एन आहे, सिस्टर. नुकुअलोफाचा एन. आणि शेवटचा ई. मला इथून स्वच्छ ऐकू येतंय. दादा, तुम्ही आकडे सांगा, मी पुढे देतो."

चार आकडे सोआकिमीने सांगितले आणि त्या अनोळखी माणसाने पुढे दिले. लग्नाची तारीख होती ती, हे मला नंतर कळलं. अकोसिताने शब्द टाकला. मी तो कुटला, चुऱ्याशी ताडला आणि दार उघडलं. तिने वेळ लावली. राजधानीची पेटी पुन्हा आली, तिचं ओळखपत्र आता खरं निघालं, आणि दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी बोगदा उभा राहिला. रेघेचं चित्र गेलं. पाच मिनिटांत लेखी आदेश आला. आणखी तीन मिनिटांनी सुई टोचली गेली.

साडेअकराच्या सुमाराला फेआओ गेला.

त्या वेळी मी साठून राहिलेली पत्रं पाठवत होतो. हवामानाचा अंदाज, औषधांची यादी, पुढच्या महिन्याच्या सुट्ट्या. एकामागून एक पाकिटं बांधत होतो. खोलीत कुणी मोठ्याने रडलं नाही. पिसिलाने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि मग पुसत राहिली. अकोसिताने इस्त्री उचलून कपाटाच्या मागे टाकली. औषध लवकर मिळालं असतं तर तो वाचला असता का? डॉक्टरबाई म्हणाल्या, सांगता येत नाही.

मंडळाने चौकशी करायची म्हणून माझ्या नोंदी मागवल्या. त्या रविवारी साडेसात ते दहा चाळीस या वेळेची माझ्याकडे एकही नोंद नव्हती. होत्या त्या सगळ्या १९९३च्या नावावर. बॅटरी जुनी होती, यंत्र जुनं होतं, असं लिहून मोकळं होता आलं असतं आणि मंडळालाही ते चाललं असतं. सोआकिमीने तसं लिहिलं नाही.

मंगळवारच्या बोटीने तो मोटुलोआला आला. अंत्यविधी सोमवारीच झाला होता. टोंगाच्या रीतीप्रमाणे त्याने कमरेला शोकाची चटई गुंडाळली होती आणि तशाच वेषात तो फळीपाशी बसून माझं झाकण उघडत होता. परवलीचा शब्द चव्हाट्यावर गेला की तो बदलायचा असतो. चौदाही बेटांवर त्याने बदलला होता, माझ्यावर शेवटी. नव्या शब्दाला काही अर्थ नसावा. अक्षरं, आकडे, चिन्हं, नुसती खिचडी.

"इस्त्री मी लावली," अकोसिता पाठमोरी उभी राहून म्हणाली. दोन दिवसांत ती तेवढंच बोलली होती.

"इस्त्री चार मिनिटांचा प्रश्न होता. बाकीचं माझं."

तेवढ्यात पिसिला आली. गुडघ्यांपासून छातीपर्यंत मोठी फाटकी चटई, केस मोकळे. हातात टोपली, त्यात पानांत बांधलेलं जेवण. शोकाच्या घरून मदतीला आलेल्यांना असं जेवण जातं. तिने टोपली सोआकिमीसमोर ठेवली.

"मामी," तो म्हणाला आणि उठू लागला.

"बस. खा."

"मामी, मला सांगायचंय. घड्याळ मी चुकीच्या बाजूला ठेवलं होतं."

"मला घड्याळातलं काय कळतंय?"

"बरं, मग कळेल ते सांगतो. शब्द मला माहीत होता. लगेच सांगता आला असता. मी दोन मिनिटं गप्प बसलो. मामा तिकडे पडलेले असताना, दोन मिनिटं."

पिसिलाने त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा कसा होता म्हणाल तर कसाच नव्हता. सगळं वापरून झाल्यावर उरतो तसा.

"ऐकत होते मी," ती म्हणाली. "मी तिथंच होते." ती खाली बसली, टोपलीतली एक पुडी उलगडली आणि त्याच्या हातात दिली. "त्याला तिचं नाव ऐकू आलं. शेवटी शेवटी तेवढंच बोलला तो. त्याची लाडकी होती ती. तिला कळवलंस का?"

"नाही."

"कुणीच नाही कळवलं. गावाचा फोन बंद. तूच कळव."

"मामी, मी? सहा वर्षं झाली. तुमच्या घरचं कुणीतरी—"

"तुझ्यासमोर यंत्र आहे आणि तुला नंबर पाठ आहे. नाही म्हणून सांग बघू."

खाजगी बोलणं दवाखान्याच्या बोगद्यातून न्यायचं नाही, हा नियम. अकोसिता वळली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या आवाजात जुनी धार आली.

"नियम मोडणार का साहेब?"

"नियम मीच लिहिलाय."

"म्हणूनच विचारलं."

त्याने माझं झाकण बसवलं, संगणक पुढे ओढला आणि नंबर लावला. घंटी वाजत राहिली. मोटुलोआहून वर, उपग्रहावर, खाली नुकुअलोफाला आणि तिथून ऑकलंडला. कुणीतरी फोन उचलला.

"लोसालीन?" तो म्हणाला. या वेळी एक एक अक्षर सुटं करून नव्हे.

पलीकडून एका बाईचा आवाज आला, "सोआकिमी? कोण गेलं?"

पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही. मी पाकिटं बांधतो, वाचत नाही. अकरा मिनिटांची पाकिटं होती. अकोसिता आणि पिसिला तेवढा वेळ पडवीत जाऊन बसल्या होत्या.

त्यानंतर माझ्या जागी नवा राउटर आला. चौदाही बेटांवर आता वेळ विचारायला बोगद्याबाहेरून एक बारीक वाट ठेवली आहे आणि त्या वाटेने वेळेशिवाय काहीच जात नाही. मला नुकुअलोफाला परत नेलं. मंडळाच्या शिकवणीच्या खोलीत मी टेबलावर असतो. नवे अभियंते येतात, माझं झाकण काढतात, बॅटरी काढतात आणि मला १९९३मध्ये जागं करतात. मग सोआकिमी त्यांना म्हणतो, बांधा बोगदा. त्यांना तो बांधता येत नाही. सगळ्यांची डोकी खाजवून झाली की तो त्यांना त्या रविवारचं सांगतो.

मित्रांनो, जुन्या यंत्रांकडे अधूनमधून बघत जा. मुकाट्याने काम करतंय म्हणजे धडधाकट आहे असं समजू नका. झाकण उघडा, बटणाएवढी बॅटरी असते, ती बदला. आणि मदतीची जी एकच वाट तुम्ही ठेवली आहे ती बंद पडली तर हाक कशी मारायची, हे सगळं ठीक असतानाच ठरवून ठेवा. मला काही वाटत नाही, पण एवढं मला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात शिकायला आलेल्यांपैकी एका मुलीने सोआकिमीला विचारलं, "सर, शब्द तर तुम्हाला माहीत होता. मग त्या दोन मिनिटांत तुम्ही करत काय होतात?"

बाकीचे तिला डोळ्यांनी दटावू लागले. सोआकिमीने त्यांना हाताने थांबवलं.

"लाजत होतो," तो म्हणाला.